झब्बूतला एक्का आणि निळ्या डोळ्यांचा ड्रॅगन

खेळायच्या पत्त्याला आपण मराठीत ‘पान’ म्हणतो, आणि आमच्याकडच्या कानडीत त्याला ‘एले’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, झाडाचे पान. मन्नाएखेळ्ळीत एकाच ओट्यावर मराठी, कानडी, दखनी आणि वर थोडी तेलुगू अशा चार भाषांत भांडण रंगू शकते. पत्त्यांच्या डावात मात्र कुणाला दुभाषा लागत नाही. हुकूम कोणता आणि उतारी कुणाची, एवढे कळले की पुरे.

अलीकडे या ओट्यावर नवीन पाने आली आहेत. त्यांवर बदाम नाही, इस्पिक नाही. पंख पसरलेले, दात विचकणारे प्राणी आहेत आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत मजकूर आहे. ‘यू-गी-ओह’ असे या खेळाचे नाव. काझुकी ताकाहाशी या जपानी चित्रकाराने १९९६ मध्ये एका साप्ताहिकातून या नावाची चित्रकथा सुरू केली. तिच्यातली पोरे पत्ते खेळत, म्हणून कोनामी या कंपनीने १९९९ मध्ये ते पत्ते खरोखरच बाजारात आणले. २०११ पर्यंत २५ अब्जांहून जास्त पाने विकली गेल्याची नोंद गिनीज बुकात झाली. ताकाहाशी २०२२ साली गेले, पण त्यांची पाने हैदराबाद-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहेत.

या खेळात प्रत्येकाचा कॅट स्वतःचा असतो. बाजारातून, अदलाबदलीतून, हट्टातून जमवलेल्या पानांतून किमान चाळीस पाने निवडून प्रत्येक जण आपला कॅट बांधतो. आणि प्रत्येकाला हवे असते एकच, सगळ्यांना भारी पडणारे पान. पोरे त्याला ‘बॉस मॉन्स्टर’ म्हणतात. या बॉस मंडळींत सर्वांत नावाजलेला म्हणजे ‘ब्लू-आईज व्हाईट ड्रॅगन’, निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन. मारा ३०००, बचाव २५००, माथ्यावर आठ तारे.

माझ्या धाकट्या पुतण्याला शेजारच्या मित्राने हाच ड्रॅगन देऊ केला. बदल्यात मागितला पुतण्याचा अख्खा कॅट, चाळीसच्या चाळीस पाने. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा, घेऊ का नको? तीन हजाराचा हाय!”

मला या खेळातले फारसे कळत नव्हते. पण झब्बू, मेंढीकोट आणि तीनशेचार यांत आमच्या पिढीची कैक दुपार गेली आहे. तेव्हा त्याला म्हटले, नियम सांग, मग पानाची किंमत आपण दोघे मिळून काढू. वाचकहो, ती किंमत कशी निघाली, ते इथे सविस्तर देतो. कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येणार आहे.

पहिला प्रश्न असा की हे पान मैदानात आणायला काय मोजावे लागते? चार तारे किंवा त्याहून कमी असलेला मॉन्स्टर सरळ हातातून खाली ठेवता येतो. पाच-सहा ताऱ्यांना मैदानातल्या आपल्याच एका मॉन्स्टरचा बळी द्यावा लागतो आणि सात किंवा त्याहून जास्त ताऱ्यांना दोघांचा. आठ ताऱ्यांचा आपला ड्रॅगन म्हणजे दोन बळी. पुन्हा एका पाळीत अशा रीतीने एकच मॉन्स्टर उतरवता येतो. म्हणजे पहिल्या पाळीत एक प्यादे, दुसऱ्या पाळीत दुसरे, आणि मधल्या काळात समोरच्याने दोघांनाही जिवंत ठेवले तर तिसऱ्या पाळीत ड्रॅगन. खेळाच्या सुरुवातीला हातात पाचच पाने मिळतात. त्यांतली तीन एकट्या ड्रॅगनवर खर्च झाली.

दुसरा प्रश्न, आल्यावर तो करतो काय? दोन्ही बाजूंकडे सुरुवातीला ८००० गुण असतात. ड्रॅगनला कुणीच अडवले नाही तर तीन घावांत सामना संपतो. हे मोठेच काम आहे. पण त्याच्या अंगात दुसरा गुण कोणताही नाही. बाकीच्या पानांवर अमके झाल्यास तमके करता येईल अशी कलमे लिहिलेली असतात. ड्रॅगनच्या पानावर नुसते त्याचे वर्णन आहे. तो मारतो, बस्स.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समोरच्याकडे त्याला उतारा आहे का आणि तो किती स्वस्त आहे? पुतण्याने ‘ट्रॅप होल’ नावाचे एक पान दाखवले. समोरच्याने १००० किंवा जास्त माऱ्याचा मॉन्स्टर उतरवला की हे सापळ्याचे पान उलटायचे, आलेला मॉन्स्टर गेला खड्ड्यात. मग त्याने एका किड्याचे पान काढले, ‘मॅन-ईटर बग’. मारा अवघा ४५०. पालथा पडलेला हा किडा कुणी हल्ला करून उलटवला, तर तो मैदानातला एक मॉन्स्टर नष्ट करतो, मग तो तीन हजारांचा का असेना. म्हणजे आपण तीन पाने आणि तीन पाळ्या घातल्या, समोरच्याने एक पान टाकले आणि हिशेब मिटला. व्यापाराच्या भाषेत याला सरळ तोटा म्हणतात.

हा हिशेब आपल्या खेळांना नवीन नाही. झब्बू आठवा. एखाद्या रंगाची उतारी झाली, तुम्ही ऐटीत एक्का टाकला, पुढच्याकडे तो रंगच नाही, त्याने दुसऱ्या रंगाचे पान आपटले. झाला झब्बू! आता सगळी पाने उचलायची तुम्ही, कारण उतारीच्या रंगातले सर्वांत मोठे पान तुमचे. तिथे एक्का हेच ओझे होते. मेंढीकोटात हुकमाची दुर्री बिनहुकमाच्या एक्क्याला कापते. तीनशेचारात तर राजेसाहेबांची फारच फजिती आहे. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४, म्हणून खेळाचे नाव तीनशेचार. राजाच्या अंगावर मुकुट तोच, पण किंमत गुलामाच्या दहावा हिस्सा.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा याहून जुनी. १२० गोल, लाखेने चकाकणारी पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गेल्या शतकात ही कला मोडकळीला आली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा देऊन जगवली. या खेळात पाच अवतारांच्या रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान मोठे, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. पान तेच, पण रंग बदलला, वेळ बदलली की त्याचा मान बदलतो. आपल्या पूर्वजांना पानाची किंमत नुसत्या आकड्यावरून ठरत नाही हे पक्के ठाऊक होते.

पण मी नुसते उपदेश करून पुतण्याला परत पाठवले नाही. पोरांना आकडा आपल्या डोळ्यांनी पाहू द्यावा. वहीचा एक कागद पानाच्या मापाने कापला, त्यावर ‘ड्रॅगन ३०००’ लिहिले, आणि एक साधे पान काढून त्याजागी तो कागद कॅटात घातला. थोरल्या भावाशी दहा डाव खेळायला सांगितले. गणित सोपे आहे. चाळीस पानांत ड्रॅगन एकच. सुरुवातीची पाच आणि नंतर प्रत्येक पाळीला एक, अशी पाचव्या पाळीपर्यंत दहा पाने हाती येतात. दहा म्हणजे चाळिसाचा चौथा हिस्सा. तेव्हा चारातल्या तीन डावांत ड्रॅगनचे तोंडही तोवर दिसणार नाही. प्रत्यक्षातही तसेच झाले. दहा डावांत चार वेळा ड्रॅगन हातात आला, दोन वेळा मैदानात उतरला. त्यातल्या एका डावात त्याने धुव्वा उडवला. दुसऱ्या डावात थोरल्याने शांतपणे सापळ्याचे पान उलटले.

मग ड्रॅगन अगदीच टाकाऊ का? नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ओरलँडो शहरात या खेळाची जागतिक स्पर्धा झाली, ती शुन्सुके हियामा या जपानी खेळाडूने जिंकली, आणि त्याचा कॅट ब्लू-आईजचा होता! ड्रॅगनचा मारा तेव्हाही तीनच हजार होता, एका गुणानेही वाढलेला नव्हता. वाढली होती ती सोबतीची पाने. ‘ट्रेड-इन’ हे पान पाहा. हातात अडकून पडलेला आठ ताऱ्यांचा मॉन्स्टर टाकून द्या आणि नवी दोन पाने घ्या. म्हणजे झब्बूत गळ्यात पडणारा एक्का इथे कामाला आला. दुसरे पान त्याच ड्रॅगनच्या जुळ्या भावाचे. हातातला निळ्या डोळ्यांचा ड्रॅगन समोरच्याला नुसता दाखवला की हा भाऊ एकही बळी न घेता मैदानात उतरतो, माराही तेवढाच, ३०००. एकटा ड्रॅगन महाग होता. सोबतीला माणसे आल्यावर तो परवडू लागला.

मूळ चित्रकथेतही हेच घडते. तिच्यात जगभरात ब्लू-आईजची चारच पाने आहेत. काइबा नावाचा श्रीमंत, गर्विष्ठ पोरगा त्यातली तीन मिळवतो आणि चौथे आपल्याविरुद्ध कुणी वापरू नये म्हणून फाडून टाकतो. ते पान असते नायक युगीच्या आजोबांचे. पुढे काइबा तिन्ही ड्रॅगन मैदानात उतरवतो आणि तरीही हरतो. कारण युगीच्या हातात ‘एक्झोडिया’ची पाच पाने जमतात. दोन हात, दोन पाय आणि एक धड-मस्तक. हातापायांचा मारा प्रत्येकी २००, म्हणजे या खेळातली दुर्री-तिर्रीच. पण पाचही एकाच वेळी हातात आली की सामना तिथेच जिंकला, असा नियम आहे.

आता सौद्याकडे या. मित्र काय मागत होता? चाळीस पाने. म्हणजे ज्या पानांमुळे ड्रॅगनला किंमत येते, नेमकी तीच. पुतण्याच्या हाती उरणार होते एक चकचकीत पान, आणि ते ज्याच्या जोरावर खेळायचे तो कॅट शेजाऱ्याच्या खिशात. मी एवढेच विचारले, “ड्रॅगनसाठी दोन बळी लागतात. ते कुठून आणशील?” पोरगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नवा भाव सांगितला: दुबार आलेली बारा पाने. मित्राने आधी नाक मुरडले, संध्याकाळपर्यंत तयार झाला. ‘ट्रॅप होल’ आणि तो किडा मात्र पुतण्याने कुणाला हात लावू दिला नाही. सौदा पुरा करण्याआधी पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोनी चमकता शिक्काही पाहून घेतला. खऱ्या पानावर तो असतो.

पालकांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, बंद पाकिटात कोणते पान निघेल हे घेणाऱ्याला आधी कळत नाही. ‘या वेळी नक्की निघेल’ म्हणत पोरे पाकिटामागून पाकीट घेतात, आणि आकड्याच्या नादाने घरे कशी बसतात हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. हवे ते एकच पान सुटे घ्यावे किंवा अदलाबदलीत मिळवावे, ते स्वस्त पडते. दोन, पोरांना खेळापासून तोडू नका. कोणते पान ठेवावे, कोणते सोडावे, यातून जो हिशेब येतो तो पाढे घोकून येत नाही.

हा हिशेब मोठ्यांच्याही उपयोगाचा आहे. तूर-सोयाबीनच्या चार पैशांवर कर्ज काढून दारात मोठा ट्रॅक्टर उभा राहतो. गाव कौतुकाने पाहायला येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात. पण नांगर नाही, पेरणीयंत्र नाही, ट्रॉली नाही, आणि वर्षभर पुरेल एवढे काम देणारे शेतही नाही. हप्ता मात्र दर सहा महिन्यांनी दारात येतो. ट्रॅक्टर वाईट नसतो. तो आठ ताऱ्यांचा असतो, एवढेच. म्हणून घरात कुणीही मोठ्या पानाचा आकडा सांगत आले की आकड्यावर हुरळू नये आणि रागेही भरू नये. त्याला म्हणावे, बाबा, उरलेली एकोणचाळीस पाने आधी दाखव.