आमदाराच्या जिवाला हमी, आपल्या जिवाला कागद



एकदा आमदार झाला की महिना 50,000 रुपये पेन्शन. पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं, त्या दर वर्षाचे 2,000 आणखी. तो गेला तर मागे नवरा-बायकोला पेन्शन. दवाखान्याचा खर्चही सरकारी तिजोरीतून. हा 50,000 चा आकडा ऑगस्ट 2016 मध्ये विधानसभेत चर्चा न करताच मंजूर झाला. एरवी एकमेकांवर धावून जाणारे सत्ताधारी अन् विरोधक त्या दिवशी एक झाले. आपला पगार आपणच ठरवायचा, असा अधिकार घटनेच्या कलम 195 ने त्यांना दिला आहे. याले म्हणते घरचं वावर अन् घरचाच पटवारी!

आता आपलं पाहा. संजय गांधी निराधार योजनेत बहुतेकांना महिना 1,500. त्यासाठी घरचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत पाहिजे. म्हणजे आमदाराच्या अर्ध्या महिन्याच्या पेन्शनएवढंही वर्षभरात कमावू नका, तेव्हाच तुम्ही निराधार! वरून दरवर्षी हयातीचा दाखला. जिवंत असल्याचाही पुरावा द्या.

महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे, पण दवाखानाही यादीत पाहिजे अन् आजारही यादीत पाहिजे. धामणगावातून अमरावती नाही तर सेवाग्राम गाठायचं, तर गाडीभाडं अन् बुडालेली मजुरी कोण देणार?

सगळ्यात मोठी मेख अपघाताच्या मदतीत. गोपीनाथ मुंडे योजनेत वीज पडून, साप चावून शेतकरी मेला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. पण आधी सातबारा दाखवा! ई-क्लासवर बेडा टाकून कसणाऱ्या पारध्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. वनजमीन कसणाऱ्याचा दावा फायलीत पडला आहे. साप काय सातबारा पाहून चावते?

काही लोक म्हणतात, सगळे आमदार श्रीमंत नसतात. खरं आहे. म्हातारपणी कोणावरही हात पसरायची पाळी येऊ नये, हेच तर आपण म्हणतो. आमदाराच्या पेन्शनवर आपला राग नाही. एकाला हक्क अन् दुसऱ्याला उपकार, यावर राग आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या सरकारी नोकरांची जुनी पेन्शन याच सभागृहाच्या राज्यात गेली. मार्च 2023 मध्ये ते संपावर उतरले. पंजाबात 2022 मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' कायदा झाला. मनात आणलं तर होते.

आपल्या मागण्या :
1. टर्म वाढली म्हणून आमदाराची पेन्शन वाढवणं बंद करा.
2. निराधारांची 21,000 ची अट काढा.
3. अपघाताच्या मदतीला सातबाऱ्याऐवजी ग्रामसभेचा दाखला धरा.
4. वनहक्काचे दावे निकाली काढा. तोवर कोणाला हुसकावता येत नाही. 2006 च्या कायद्याचं कलम 4(5) तसं सांगते.

दाव्याला दोन पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही त्यातला एक पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्याचा जबाब ग्रामसभेत आजच लिहून घ्या. आमदाराचा विमा विधानभवनात आहे, आपला विमा जमिनीत आहे.

कसेल त्याची जमीन!