किआन्ती आणि रिकामं ताट

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही एवढं कौतुक करता म्हणून ती चियांती आणली हो. आंबटढाण निघाली! निम्मी बाटली मोरीत ओतली."

पहिली गोष्ट, चियांती नव्हे, किआन्ती. इटालियनमध्ये 'सीएच'चा उच्चार 'क' होतो. (मास्तरकी सुटत नाही, काय करणार!) दुसरी गोष्ट, सोबत काय खाल्लं होतंस? तर आधी मसाला शेंगदाणे, मग झणझणीत चिकन. मग बाबा, वाइनला कशाला दोष देतोस?

2018 साली लेकीकडे फ्लॉरेन्सला दोन महिने होतो. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला डोंगराळ मुलूख म्हणजे किआन्ती. तिथली हद्द 1716 मध्येच तिसऱ्या कोसिमो मेदिचीने हुकूम काढून आखून दिली होती. द्राक्ष सान्जोवेजे जातीचं. रस आंबट आणि तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळते, तसं काहीसं. नुसती प्यायला ती केलेलीच नाही मुळी! तिथला आंबटपणा टोमॅटोच्या रश्शाला तोंड देतो, ऑलिव्ह तेलाचा ओशटपणा कापतो. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज किंवा भाजलेलं मांस असलं की तुरटपणा मऊ होतो. मिरचीने मात्र उलट होतं, तुरटपणा बोचतो आणि अल्कोहोल घशाला जाळतं.

मी शाकाहारी. त्यामुळे तिथल्या प्रसिद्ध बिस्तेक्काशी माझा संबंध नाही. पण लेकीच्या शेजारीणबाईंनी, माझ्याच वयाच्या असतील, एकदा रिबोल्लिता खाऊ घातली. शिळा पाव, पांढऱ्या शेंगदाण्यांएवढे घेवड्याचे दाणे, काळसर कोबीची पानं, सगळं पुन्हा उकळलेलं. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेली'. आपल्या फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण! त्यांच्या पावात मीठ नसतं बरं का, आधी मला वाटलं विसरल्या. शेजारी पाण्याचा मोठा पेला आणि वाइनचा छोटा. जेवण संपलं, पेला संपला, बाटलीला बूच लागलं. बाई भांडी घासायला गेल्या.

तो फोटो मी घरच्यांना पाठवला आणि गहजब झाला. "अण्णा, या वयात दारू?" वन्संनी तर आमच्या हिला फोन करून चौकशी केली.

आता थोडं स्पष्ट बोलतो. माझा धाकटा भाऊ दारूने गेला, 1991 मध्ये. संध्याकाळी पाच वाजता सुरू व्हायचा, ताट झाकून ठेवलेलं तसंच राहायचं. आई रात्री अकराला ते उचलायची. तेव्हा वाइनमध्ये अल्कोहोल असतं, ती काही सरबत नव्हे, हे मला कुणी शिकवू नये. 2022 साली सुपरमार्केटात वाइन विकण्यावरून आपल्याकडे रण पेटलं. एक म्हणे वाइन म्हणजे दारू नव्हेच. दुसरा म्हणे सगळं एकच विष. माझं दोघांशी पटत नाही. दारू ती आहेच. पण ताटाशी बांधलेली आणि ताटापासून सोडवलेली, यांत फरक नाही असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या आईला विचारायला हवं होतं.

आणि आमचे हे नवे रसिक! बाटलीवरचा काळा कोंबडा ओळखतात (तो किआन्ती क्लासिकोचा), कुठल्या सालची ते सांगतात, पेला गोल फिरवतात. जेवण? "नंतर बघू मामा, आधी एक राउंड होऊ दे." हेच ते झाकलेलं ताट. फक्त पेला काचेचा आणि महागाचा.

भाचा दिवाळीनंतर येतोय, बाटली घेऊन. येऊ दे. घेवडा आदल्या रात्री भिजत घालतो, टोमॅटो भरपूर, लसूण, तिखट अजिबात नाही. पानं वाढल्याशिवाय बूच उघडायचं नाही, हे त्याला आत्ताच कळवलंय.