विश्लेषण : युरोपने रोमिंग उतरवले, मग आपलेच बिल का फुगते?

मे महिना जवळ आला की पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : ‘युरोपला निघालोय, कोणते रोमिंग पॅक घेऊ?’ विचारणारे सगळेच सहलीला निघालेले नसतात. चाकणच्या फोक्सवॅगन-स्कोडा किंवा मर्सिडीजच्या कारखान्यातून, चिंचवडच्या एसकेएफमधून, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून जर्मनी, झेक प्रजासत्ताक, स्वीडनला कामासाठी जाणारे असतात. तिकडे शिकणाऱ्या मुलाकडे निघालेले आई-वडील असतात. उत्तरांत मात्र एक अर्धवट माहिती फिरत राहते : ‘अहो, युरोपात आता रोमिंग फुकट आहे.’

आहे, पण ते तिथल्या सिमला. पुण्यात घेतलेल्या सिमला त्या नियमाचा काडीचाही उपयोग नाही. तो का नाही हे एकदा कळले की आपले बिल कमी करणे कोणाच्या हातात आहे, हेही कळते.

फोन परदेशात चालतो कसा?

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाची ओळख सांगणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारतीय सिमचे ४०४ किंवा ४०५, जर्मन सिमचे २६२. फ्रँकफर्टला उतरून फोन चालू केला की तिथले नेटवर्क हा क्रमांक वाचते, पाहुणा भारताचा आहे हे ओळखते आणि भारतातल्या कंपनीला विचारते, ‘हा तुमचाच ग्राहक ना? याला सेवा देऊ का?’ होकार आला की काही सेकंदांत फोनवर परक्या कंपनीचे नाव झळकते. अर्थात, दोन्ही कंपन्यांत आधीपासून करार असेल तरच.

तुम्ही किती मिनिटे बोललात, किती एमबी वापरलेत याचा हिशेब जर्मन कंपनी भारतीय कंपनीकडे पाठवते. ती भारतीय कंपनीकडून घेते तो घाऊक दर. त्यावर आपली कंपनी स्वतःचा वाटा चढवून तुमच्याकडून घेते तो किरकोळ दर. पिंपरीच्या मंडईत भाजीचा भाव गाळ्यावर एक आणि सोसायटीच्या दारातल्या गाडीवर दुसरा असतो, तसेच हे. फरक इतकाच, की इथे गाळ्यावरचा भाव ग्राहकाला कधीच दिसत नाही.

या व्यवस्थेची एक गंमतही आहे. स्टुटगार्टच्या एकाच हॉटेलात उतरलेले दोन सहकारी आपापल्या भारतीय सिमवरून एकमेकांना साधा फोन करतात, तेव्हा तो कॉल जर्मनीतून भारतात येतो आणि परत जर्मनीत जातो. पॅक नसेल तर लावणाऱ्याला भारतात फोन केल्याचे पैसे पडतात आणि उचलणाऱ्यालाही परदेशात फोन घेतल्याचे पडू शकतात. मधे अंतर एका मजल्याचे! इंटरनेटचेही बहुधा असेच असते. रोमिंगवरचा डेटा भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून जातो, म्हणून तिकडे नेट थोडे रेंगाळते.

युरोपने नेमके काय केले?

कंपन्या आपणहून उदार झाल्या नाहीत. २००७ मध्ये युरोपीय संघाने कायदा करून रोमिंगमध्ये केलेल्या कॉलला मिनिटाला कमाल ४९ सेंट आणि आलेल्या कॉलला २४ सेंट अशी मर्यादा घातली. पुढची दहा वर्षे ती टप्प्याटप्प्याने खाली आणली. २०१४ मध्येसुद्धा रोमिंगवरच्या डेटाची किरकोळ मर्यादा एमबीला २० सेंट होती, म्हणजे एक जीबी वापरला तर साधारण २०० युरो. शेवटी १५ जून २०१७ पासून ‘घरी जो दर, तोच बाहेर’ हा नियम आला. २०२२ मध्ये तो २०३२ पर्यंत वाढवण्यात आला.

लोकांना आठवते ती ही २०१७ची तारीख. खरे काम मात्र पडद्यामागे, घाऊक दरावर झाले. ग्राहकाला घरचाच दर लावायचा आणि बाहेरच्या कंपनीला मात्र अवाच्या सवा द्यायचे, तर ग्राहकाची कंपनी बुडेल. म्हणून कंपन्यांनी एकमेकांकडून जास्तीत जास्त किती घ्यावे, हेही संघाने ठरवले. डेटाची ही घाऊक मर्यादा २०१७ मध्ये जीबीला ७.७० युरो होती, २०२२ मध्ये २ युरोवर आली, २०२५ मध्ये १.३० वर, आणि २०२७ पासून ती १ युरो राहील. दहा वर्षांत ७.७० वरून १, तेही देशोदेशीच्या कंपन्यांची कुरकुर ऐकत.

पळवाटही बंद केली. स्वस्त देशात सिम घेऊन महागड्या देशात कायम वापरणाऱ्यांसाठी ‘रास्त वापरा’ची अट आहे. कंपनी चार महिन्यांचा वापर तपासून जादा आकार लावू शकते.

या कुंपणात कोण आहे, कोण नाही?

आपल्याकडच्या सहल कंपन्यांचा ठरलेला मार्ग पाहा : लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, रोम. यातले पहिले आणि चौथे ठिकाण कुंपणाबाहेर आहे. नियम संघाचे २७ देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन यांना लागू आहे. १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन आणि मोल्दोव्हाही आत आले. स्वित्झर्लंड कधीच नव्हता. म्हणजे पॅरिसमध्ये घेतलेले सिम रोममध्ये घरच्यासारखे चालेल. इंटरलाकेनला चालेलच असे नाही. सीमेजवळच्या जर्मन गावात बसल्या जागी फोन स्विस टॉवर पकडू शकतो, तोही वेगळाच ताप.

ब्रिटनचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे. ब्रेक्झिटनंतर तिथल्या कंपन्यांवरचे हे बंधन उठले. आम्ही पुन्हा आकार लावणार नाही, असे कंपन्या सांगत होत्या. २०२२ उजाडले आणि तीन मोठ्या कंपन्यांनी नव्या ग्राहकांना युरोपातल्या रोमिंगसाठी रोजचा आकार लावायला सुरुवात केली. टॉवर तेच आणि तारा त्याच. फक्त कायदा गेला होता.

आपल्याकडे घडले ते विसरलो का?

चाकण, भोसरी, कुदळवाडीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांना विचारा. गावाकडचे सिम तसेच ठेवले तर घरून आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००७ मध्ये ट्रायने ठरवलेली कमाल मर्यादा आलेल्या कॉलला मिनिटाला पावणेदोन रुपये होती. २०१३ मध्ये ती ७५ पैशांवर आणि मे २०१५ मध्ये ४५ पैशांवर आली. आपल्यापैकीही अनेकांनी घाट उतरून नवी मुंबई गाठताच ‘रोमिंगमध्ये आहे, नंतर बोलतो’ असे म्हणत फोन ठेवला आहे, कारण पिंपरी-चिंचवड महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आणि नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये. पुढे २०१६ मध्ये जिओ आली आणि स्पर्धेने उरलेसुरले काम केले. एअरटेलने १ एप्रिल २०१७ पासून देशांतर्गत रोमिंगचा आकार काढला, म्हणजे युरोपच्या अडीच महिने आधी.

मग परदेशी रोमिंगचेही स्पर्धाच बघून घेईल, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. देशांतर्गत रोमिंगमध्ये मोठ्या कंपन्यांचे टॉवर बहुतेक राज्यांत स्वतःचेच होते. आकार सोडला तरी पैसा घरातच राहत होता. परदेशात प्रत्येक भारतीय कंपनीला तिथल्या मोजक्या नेटवर्ककडून घाऊक सेवा विकत घ्यावीच लागते. शिवाय वर्षातून एकदा होणाऱ्या प्रवासासाठी कोणी आपली कंपनी बदलत नाही. जिथे ग्राहक भाव बघून निवडच करत नाही, तिथे स्पर्धेचा धाक कसला?

आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ट्रायने कंपन्यांवर सोडले आहेत. जर्मन कंपनीने किती घ्यावे हे दिल्लीतून ठरवता येत नाही, हे खरेच. पण चाकणला कामासाठी येणाऱ्या जर्मन अभियंत्याच्या सिमसाठी भारतीय कंपनी किती घाऊक दर घेते, हे तर ठरवता येते! देवाणघेवाण करायला आपल्या हातात हेच चलन आहे. तुम्ही आमच्यासाठी उतरवा, आम्ही तुमच्यासाठी उतरवतो. ब्रिटनने २०२१ मध्ये नॉर्वे आणि आइसलँडशी केलेल्या व्यापार करारात रोमिंगचे कलम घातले. आपण व्यापार करारांत मोटारी, मद्य, व्हिसा यांवर महिनोन्महिने घासाघीस करतो. ज्यांच्या नावाने हे करार होतात त्या अभियंत्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या फोनचा मुद्दाही त्याच टेबलावर यायला हवा.

तोवर काय करावे?

दोन सिमचा फोन असेल तर तिथे पोहोचून संघातल्या देशाचे सिम घ्या आणि डेटा त्यावर चालवा. पासपोर्ट जवळ ठेवा. दीर्घ वापर असेल तर वास्तव्याचा पुरावा मागण्याचा अधिकार त्या कंपनीला आहे. जर्मन सिमवरून भारतात साधा फोन करणे या नियमात बसत नाही, तो आंतरराष्ट्रीय कॉल धरला जातो. घरी बोलायला व्हॉट्सॲपच बरे. क्रूझ आणि विमानातले नेटवर्क उपग्रहावरचे असते, त्याचा दर वेगळा; तिथे फोन फ्लाइट मोडवरच ठेवा.

भारतीय सिम मात्र काढून पाकिटात टाकू नका. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येणार. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची मुदत तपासा आणि त्या सिमपुरते ‘डेटा रोमिंग’चे बटण बंद ठेवा. ओटीपीच्या मेसेजला इंटरनेट लागत नाही.