उल्हासच्या काठावर: उत्सव कोणाचे, नदी कोणाची?

नद्यांचे महोत्सव भरविण्याची एक लाट आपल्याकडे आली आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात ‘नदी उत्सव’ साजरा केला. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाचा प्रारंभ केला. दीपोत्सव, खाद्यजत्रा आणि विविधतेतील एकतेवरील भाषणे यांची जोड अशा उपक्रमांना मिळू लागली आहे. मग कर्जत-नेरळच्या पट्ट्यातही उल्हासच्या काठी सर्व समाजांचा मिळून एखादा वार्षिक सोहळा का नसावा, असे कोणी विचारल्यास ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही. तथापि, उत्तर देण्यापूर्वी या नदीच्या काठी आज काय काय साजरे होते, हे एकवार पाहणे इष्ट ठरेल.

पहिला उत्सव कोणत्याही पंचांगात नाही. मृगाचा पाऊस पडला की वलगणीचे मासे ओढ्या-नाल्यांतून, भातखाचरांतून वर चढतात आणि कातकरी, ठाकर, आगरी अशा सर्व वस्त्यांवरील माणसे रात्री-अपरात्री कंदील व बॅटऱ्या घेऊन पाण्यात उतरतात. त्याला मंडप लागत नाही, वर्गणीही लागत नाही. भाद्रपदात गौरी-गणपतींचे विसर्जन होते. कार्तिक शुद्ध षष्ठीला बदलापूर-कल्याणकडील उत्तर भारतीय कुटुंबे छठपूजेसाठी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. चैत्रात उल्हासनगरचा सिंधी समाज चेटीचंडला झुलेलालाची मिरवणूक काढतो. झुलेलाल हा मुळात जलदेव. सिंधमधील उडेरोलाल येथील त्याचे स्थान हिंदू आणि मुसलमान दोघेही मानतात. सिंधू मागे सोडून आलेल्या या निर्वासितांच्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते जे नाव मिळाले, तेही एका नदीचेच होते.

नेरळपुरते बोलायचे तर अनेक समाजांचे सहजीवन या गावाला नव्याने शिकविण्याचे कारण नाही. ज्या छोट्या गाडीमुळे नेरळचे नाव सर्वतोमुखी झाले, ती माथेरानची रेल्वे १९०७ साली पीरभॉय या बोहरी घराण्याच्या पैशाने उभी राहिली. याच भागातील नाभिक समाजात जन्मलेले वकील भाई कोतवाल आणि आगरी समाजातील हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर एकत्र हुतात्मा झाले. नदीचे पाणीही असेच संमिश्र आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून १९२२ पासून जे पाणी खाली येते, ते घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे. अडविले नसते तर ते इंद्रायणी व भीमेतून पंढरपूरला गेले असते. त्याच पाण्यावर राजनाल्याच्या काठची उन्हाळी भातशेती होते. चंद्रभागेच्या वाट्याचे पाणी कर्जतच्या खाचरांत खेळते, हे किती वारकऱ्यांना ठाऊक असेल?

परंतु म्हणून नदीकाठ पूर्वी सर्वांचा होता आणि आताच तो दुरावला, असे गोड चित्र रंगविण्यात अर्थ नाही. पाणवठे जातवार वाटलेले होते. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव त्यापूर्वी चार वर्षे संमत केलेला होता, ही गोष्ट ठरावांवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सामुदायिक उत्सवाची खरी कसोटी इथे लागते. व्यासपीठावर किती समाजांचे प्रतिनिधी बसले याची गणना सोपी असते. काठावर कोणाला मुक्तपणे जाता येते आणि पाण्यात कोणाला निर्धास्तपणे उतरता येते, हे प्रश्न अवघड आहेत.

आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नाहीत. मुंबईत घर न परवडणारा कारकून, शिक्षक आणि गिरणगावातून उठलेला कामगार कल्याण-बदलापूर ओलांडून नेरळ-कर्जतपर्यंत सरकत आला आहे. त्याच्या पाठोपाठ इमारती आल्या आणि ज्यांना मुंबईत घर आहेच, अशांची फार्महाऊसेही आली. काठच्या जमिनीला कुंपण पडले की जाळे टाकायला उतरणाऱ्या कातकऱ्याची पायवाट प्रथम बंद होते. आणि पाण्याचे काय? बदलापूरचे बॅरेज, जांभूळ, शहाड अशा ठिकाणी हेच पाणी उचलून लाखो लोकांना पुरविले जाते. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पिण्याचे पाणी, असा हा व्यवहार आहे. खाली मोहन्याच्या परिसरात उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर पसरते. दुरून ती नयनरम्य दिसते. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली स्थानिक संस्था व औद्योगिक सांडपाणी केंद्रांना दंड ठोठावला. त्यानंतरही जलपर्णीचे येणे थांबले नाही.

लंडनच्या थेम्स महोत्सवाचा दाखला अशा वेळी दिला जातो. तो दिला जावा, मात्र पुरता दिला जावा. १९५७ साली तेथील शास्त्रज्ञांनी थेम्सला जैविकदृष्ट्या मृत ठरविले. सांडपाण्याची व्यवस्था पुनश्च उभारून मासे परत आल्यानंतर, १९९७ साली, तो महोत्सव सुरू झाला. आपल्याकडे रोषणाई अगोदर करण्याची घाई असते.

आणि नदीकाठची माणसे एकत्र येत नाहीत, असेही नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढताना लष्करी व निमलष्करी पथकांबरोबर आसपासचे ग्रामस्थही धावले. त्या दिवशी कोणी कोणाची भाषा वा जात विचारली नाही.

तेव्हा उल्हासच्या काठी सर्वांचा उत्सव अवश्य व्हावा. पौष-माघात, पाणी निवळलेले असताना व्हावा. त्यात कातकऱ्यांचा नाच, सिंध्यांची भजने, छठची गाणी, आगऱ्यांचे धवले सर्व काही असावे. मात्र उद्घाटनाच्या भाषणाऐवजी एक नवा कार्यक्रम ठेवावा. कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण येथील स्थानिक संस्थांनी गेल्या वर्षभरात किती सांडपाणी शुद्ध केले, किती तसेच नदीत सोडले आणि काठावरच्या किती सार्वजनिक वाटा मोकळ्या राखल्या, याचा हिशेब लोकांसमोर वाचून दाखवावा. पहिल्या रांगेतील राखीव खुर्च्या त्या वेळी किती भरलेल्या राहतात, हेही तेव्हाच दिसेल.