कोरियांना पद्मविभूषण, त्यांच्या अहवालाला कपाट

मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बसून कोड लिहितो. माझी खुर्ची आहे तिथे एकेकाळी गिरणी होती. म्हणून हा प्रश्न विचारण्याआधी सांगतो, फायदा घेणाऱ्यांत मीही आहे.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचे ऐकले किती? साठच्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर सुचवले. सरकारी कचेऱ्या तिकडे हलल्या तर नोकऱ्या हलतील, हा त्या योजनेचा कणा होता. सिडको आली, कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. १९८४ साली त्यांनी अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. जुनी इमारत आणि भोवतालचे शहर यांचा एकत्र विचार व्हावा, ही त्यांची भूमिका होती.

मग गिरण्यांची पाळी आली. १९९१ चा नियम साधा होता: एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. १९९६ साली सरकारनेच नेमलेल्या कोरिया समितीने या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, एकत्रित विचार करा असे सांगितले. अहवाल कपाटात गेला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. त्याच वर्षी कोरियांना पद्मविभूषण मिळाले!

‘मग काय गिरण्या तशाच ओसाड ठेवायच्या होत्या?’ असे विचारले जाते. नाही. कोरियाही तसे म्हणत नव्हते. ऑफिसे यायचीच होती; त्यांच्यासोबत रस्ते, मैदाने, घरे आणि स्टेशनचे रुंद जिने यायला हवे होते. आले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून गेली. त्याला फक्त पावसाची सर जबाबदार होती का?

आज एखादी चिमणी शोभेला ठेवून आपण तिला वारसा म्हणतो. त्या चिमणीखाली राबलेला कोकणातला, घाटावरचा, मदनपुऱ्यातला कामगार मात्र घराच्या सोडतीची वाट पाहत म्हातारा झाला.

आता बंदराच्या जमिनींवर डोळा आहे. या वेळी आराखडा आधी लोकांसमोर मांडा, मराठीत, हिंदीत, उर्दूत. हरकतींना लेखी उत्तर द्या. आणि आपणही हरकत नोंदवू या. पुरस्कार देऊन गप्प बसवता येते, हे सरकारला एकदा कळले आहे.