संपादकीय : तपासणी रक्ताची, कसोटी समाजाची

या अंकाच्या संपादकीयासाठी आम्ही निवडलेला विषय आपल्यातील अनेकांच्या घरात आहे. परंतु घरातील बैठकीत तो क्वचितच निघतो. तो विषय म्हणजे सिकलसेल. सुट्टीत मायदेशी गेलेल्या आपल्यापैकी काही कुटुंबांनी विदर्भातील एका सिकलसेल तपासणी शिबिरात एक दिवस स्वयंसेवक म्हणून काम केले. त्या दिवसाने आम्हांस जे शिकविले ते येथे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

या व्याधीत रक्तातील तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना उत्पन्न होतात. मध्य भारतातील लोकांत हा दोष आढळतो, हे शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी 1958 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात तो विशेषत्वाने दिसून येतो. हा दैवाचा कोप नव्हे आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो त्याला हिवतापाच्या जीवघेण्या स्वरूपापासून काही संरक्षण लाभते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. असा मनुष्य 'वाहक' म्हणविला जातो व सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. मात्र माता आणि पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी बालक रुग्ण असण्याची शक्यता चारात एक इतकी असते.

ॲमस्टेल नदीकाठच्या आपल्या या उइटहॉर्न गावात बालक जन्मास आले की पहिल्या आठवड्यातच त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले जातात. 2007 सालापासून नेदरलँड्समधील या तपासणीत सिकलसेलचाही अंतर्भाव आहे. सुरिनाम, अँटिल बेटे, आफ्रिका किंवा भारत, कोठूनही आलेले कुटुंब असो, नियम सर्वांना एकच. परिचारिका घरी येते, आणि आईला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. तिकडे आपल्याच आप्तांच्या खेड्यात मूल वारंवार तापाने फणफणते, हातपाय सुजून रडते, आणि रोगाचे नाव कळण्यास वर्षे लागतात. मधल्या काळात अंगारे-धुपारे होतात आणि घरातील किडूकमिडूक विकले जाते. हे अंतर ज्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे ते आपणच आहोत.

शिबिराच्या दिवशी माणसे एका दिवसाची मजुरी बुडवून आली होती. स्वयंसेवकांची कामे साधी होती : नाव-गाव नोंदविणे, रांग लावणे, वृद्धांना सावलीत बसविणे, पाणी देणे, नळीवरील क्रमांक आणि कागदावरील क्रमांक जुळतो की नाही हे दोनदा पाहणे. बोटातील रक्ताचा थेंब द्रावणात टाकला असता ते गढूळ झाले, म्हणजे दोष आहे. परंतु तो मनुष्य वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील दुसरी तपासणी लागते. सहा महिन्यांखालील अर्भकाच्या बाबतीत तर द्रावणाच्या या चाचणीवर विसंबताच येत नाही. म्हणूनच नळीकडे पाहून कोणीही काहीही बोलू नये, अशी सक्त सूचना आम्हांस होती. उत्साही स्वयंसेवकाचा एक अविचारी शब्द एखाद्या घरात वर्षभर वणव्यासारखा फिरू शकतो.

सर्वांत कठीण जागा सल्ल्याच्या टेबलाजवळची होती. "हे माझ्या सासरी कळणार तर नाही ना?" असा प्रश्न एका तरुण भगिनीने हळू आवाजात विचारला. तिला वेदनेपेक्षा भय होते ते माणसांचे. वाहक ठरलेल्या मुलीची सोयरीक मोडते, मुलाचा अहवाल मात्र दडविला जातो. जन्मावरून माणसाला हीन ठरविणाऱ्या व्यवस्थेचे चटके ज्या समाजाने सोसले, त्यानेच रक्ताच्या अहवालावरून नवी विटाळाची रेघ ओढावी, यापरता दैवदुर्विलास कोणता? 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात बाबासाहेबांनी स्वजातीतच विवाह करण्याची रूढी हे जातिसंस्थेचे मूळ असल्याचे दाखवून दिले होते. सोयरिकीचे वर्तुळ जितके लहान, तितकी दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता अधिक, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. ते वर्तुळ विस्तारणे समाजाच्या आणि आरोग्याच्या, दोन्ही दृष्टींनी हितावह आहे.

भारत सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट असून मुख्यतः आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी त्यात योजिली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या व्याधीचा समावेश झाला आहे. शासन आपले काम करील. परंतु तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तंबू उठतो आणि रुग्ण तेथेच राहतो. त्याला फॉलिक ॲसिड, वैद्यकीय देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, आणि वेदना उठेल त्या रात्री दवाखान्यापर्यंत जाण्यास गाडी हवी असते.

म्हणून आमची सभासदांना तीन कळकळीची आवाहने आहेत. पहिले : ज्यांची मुळे विदर्भात आहेत त्यांनी प्रथम स्वतःची व आपल्या उपवर मुलामुलींची तपासणी करून घ्यावी. सोयरीक जुळविताना दोन्ही पक्षांनी अहवाल एकमेकांस मोकळेपणाने दाखवावेत. मात्र अहवाल ही चारचौघांत मिरविण्याची किंवा वधूवर परिचयात छापण्याची वस्तू नव्हे. दुसरे : मायदेशी जाल तेव्हा एक दिवस शिबिरासाठी राखून ठेवावा आणि छायाचित्रांसाठी न जाता रांगेत उभ्या असलेल्यांसाठी जावे. तिसरे : देणगी देताना शिबिराबरोबरच नंतरच्या बारा महिन्यांच्या औषधांचाही विचार करावा.

उपेक्षित आजारी भिक्खूस तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातल्याची कथा विनयपिटकात आहे. त्या भिक्खूचे कुळ त्यांनी विचारले नाही. आपल्या सेवेची रीतही तीच असावी.

सर्व सभासद कुटुंबांस आरोग्यदायी वर्षाच्या मंगल कामना. जय भीम!

— संपादक मंडळ, उइटहॉर्न