आधी शिक्षकाचा विश्वास हवा

'असर' अहवालानुसार २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या अवघ्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. अशा आकड्यांवर हळहळ व्यक्त होते. परंतु उद्याच्या शिक्षकाच्या मनात या मुलांविषयी कोणती धारणा रुजते आहे, याची चिंता क्वचितच वाहिली जाते. 'घरी वातावरण नाही', 'बुद्धीच बेताची' ही वाक्ये घेऊनच जो छात्राध्यापक अध्यापक विद्यालयातून बाहेर पडतो, त्याच्या वर्गातील अडखळणारे मूल पहिल्याच दिवशी दुरावते. शिकवून उपयोग नाही असे ज्याने मानले, तो शिकविण्याचे कष्ट तरी कशाला घेईल?

वस्तुतः वाचन ही उपजत देणगी नाही. अक्षर व ध्वनी यांचा मेळ, जोडाक्षरांची उकल, अर्थबोध या पायऱ्या शिकवाव्याच लागतात. डिस्लेक्सिया असलेली मुलेही पद्धतशीर सरावाने पुढे जातात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने कार्य आरंभिले. वंचित वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही; शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ही दृष्टी केवळ व्याख्यानांनी येत नसते. प्रत्येक छात्राध्यापकाने प्रशिक्षणकाळात न वाचणाऱ्या एका तरी मुलाला वाचते करावे, असा दंडक अभ्यासक्रमात हवा. तो अनुभव ज्याने घेतला, तो पुढे कोणत्याही मुलाला 'ढ' म्हणण्यास धजावणार नाही.